कागदावर दहा

पहिल्या दिवशी मी चेहरे बघत नाही, बूट बघते.
त्रेंताच्या बसथांब्यावर, पाच मिनिटांत,
कोण भांडणार, कोण रडणार,
कुणाच्या टाचेला उद्या दुपारी फोड येणार
हे मला नाडीच्या गाठीवरून कळतं.
सोलांजच्या तळव्याला अजून किमतीची चिठ्ठी.
वीब्रेनचे बूट जुने, पण मेण नवं.

यंदा माणसं नऊ. कागदावर दहा.
दहावं नाव एल्स्के.
वीब्रेननं तिचे पैसे भरलेत
आणि परत मागितलेले नाहीत.
मी विचारलं नाही. डोंगरात ज्याचं ओझं त्यानं उचलावं;
फार तर मी पट्टे घट्ट करून देते.

बीचच्या रानातून पहिला चढ. सगळे बोलतात.
घराचे हप्ते, मुलीची शाळा, सोडलेली नोकरी.
झाडं संपतात तशी वाक्यं संपतात.
दोन हजार मीटरवर उरतात फक्त क्रियापदं:
थांब. पी. ये. बघ.

"नेझका, अजून किती?"
वीस मिनिटं, मी म्हणते.
माझे वडीलही वीस मिनिटंच म्हणायचे.

ते या वाटेनं रात्री जायचे.
जाताना पाठीवर लोणी, येताना कॉफी,
बुटांवर पोत्याची फडकी गुंडाळलेली,
कारण सरहद्दीवरचे शिपाई कानांनी शिकार करत.
आता त्याच वाटेवर खडकाखडकावर
लाल कड्यात पांढरा ठिपका.
दर मे महिन्यात डबा-ब्रश घेऊन मीच रंगवते.
त्यांनी जन्मभर जे लपवलं ते मी रंगवून दाखवते
आणि दिवसाचे एकशे दहा युरो घेते, जेवण धरून.
आज ते असते तर या काठ्यांचा खडखडाट ऐकून
आधी झुडपात दडले असते,
मग हसले असते.

तिसऱ्या रात्री निवाऱ्यात मिलोयका विचारते, किती?
दहा, मी म्हणून जाते. कागद पाठ झालेला.
दहावी वाटी येते. सलगम आणि घेवड्याचं आंबट कढण,
वर डुकराच्या मांसाचा एक तुकडा.
टेबल गप्प.
वीब्रेन वाटीकडे बघतो, खिडकीकडे बघतो.
"सलगम तिला मुळीच आवडायचं नाही," म्हणतो,
आणि तीही वाटी ओढून घेतो, पावानं पुसून संपवतो.
नंतर मला सांगतो, त्याच्या गावात
सगळ्यांत उंच जागा म्हणजे समुद्राचा बांध;
एल्स्के त्यावर उभी राहून म्हणायची,
इथून पुढे काहीच वर जात नाही.

चौथ्या दिवशी खिंडीत धुकं.
मी वळणावर उभी राहून मोजते,
शेळ्या मोजतात तशी, काठीचं टोक हलवत.
नऊ.
पुढच्या वळणावर दहा.
पोटात काहीतरी थंड सरकतं.
पुन्हा मोजते. दहा.
उलट जाते, एकेका पिशवीवर हात ठेवत,
शेवटच्या पाठीवर पिशवीच नाही.
ओला शर्ट. वीस-एकवीस वर्षांचं पोर, वोयता,
ब्रनोचं, सकाळपासून वाट चुकलेलं,
काठ्यांच्या आवाजामागून येऊन
रांगेत मुकाट शिरलेलं.
पायांत कापडी बूट!
त्याला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं,
शिव्या माझ्या बोलीत दिल्या, म्हणजे त्याला कळू नयेत.
कळल्या. चेक आणि आमची बोली तेवढी लांब नाही.

त्या रात्रीचा निवारा दुसरा, म्हातारा मालक कंजूष.
आरक्षणाची वही उघडून बोट फिरवतो. किती?
मी काही बोलण्याआधी वीब्रेन म्हणतो,
"दहा. पैसे भरलेत."

पोरगं तीन वाट्या जेवलं.
झोपण्याआधी मी त्याच्या बुटांत वर्तमानपत्र कोंबलं,
शेगडीजवळ ठेवले, जिभा बाहेर काढून.
सकाळी पाहिलं.
वाळले नव्हते.